कापसाचा सोंडकिडा, तान्ही बाळं आणि लिलियन वॉल्ड



कपाशीवर बोंडअळी दिसली की काय धावपळ उडते ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. आमची माणसं शेतात येतात, कामगंध सापळे लागतात, तालुक्याला अहवाल जातो, नुकसान जास्त असलं तर पंचनाम्याची मागणी होते. अशीच धावपळ १९०३ च्या सुमारास अमेरिकेत चालली होती. मेक्सिकोतून टेक्सास राज्यात शिरलेला एक सोंडकिडा दक्षिणेकडचा कापूस खात सुटला होता. आपली बोंडअळी ती वेगळी. हा सोंडेचा करडा भुंगेरा, पात्यांत आणि कोवळ्या बोंडांत अंडी घालणारा. नुकसान एवढं होतं की पाहणीसाठी खुद्द देशाचे शेतीमंत्री दक्षिणेला जाणार, अशी बातमी पेपरात आली.

न्यूयॉर्क शहरात एका नर्सबाईंनी ही बातमी वाचली. मंत्र्यांनी जाऊ नये असं त्यांना वाटलं नाही. त्यांच्या मनात दुसराच हिशेब सुरू झाला. कापसाच्या पिकाची सरकारला एवढी काळजी आहे, तर मुलांच्या पिकाची काळजी वाहणारं एखादं खातं का नसावं? त्या उन्हाळ्यात शहरात तान्ही बाळं हगवणीने पटापट मरत होती. देशात कापसाच्या गाठी किती झाल्या ते सरकार मोजत होतं. बाळं किती जन्मली आणि त्यातली किती वर्षाच्या आत गेली, हा सबंध देशाचा आकडा मात्र कुणालाच सांगता येत नव्हता.

या बाईंचं नाव लिलियन वॉल्ड. घरोघर जाणारी नर्स आज जगभर दिसते. ती कल्पना रुजवणाऱ्यांत त्यांचं नाव फार वरचं आहे. आपल्याकडच्या नर्सबाई आणि आशाताई रोज ज्या वाटेने जातात, तसलीच वाट ही बाई सव्वाशे वर्षांपूर्वी चालली.

जन्म १० मार्च १८६७ चा, ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी गावचा. घर ज्यू धर्माचं, वडील चष्मे आणि भिंगांच्या मालाचे व्यापारी. खाऊनपिऊन सुखी कुटुंब. पुढे सगळे न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला राहायला गेले. सोळाव्या वर्षी लिलियनने एका नामांकित कॉलेजात अर्ज केला, तर वय कमी म्हणून तो परत आला. मग काही वर्षं घरीच गेली. बहिणीच्या बाळंतपणाच्या वेळी घरात एक शिकलेली नर्स आली. तिचं काम पाहून या मुलीने ठरवलं की आपणही हेच शिकायचं. १८९१ साली तिने न्यूयॉर्क हॉस्पिटलच्या शाळेतून नर्सिंग पुरं केलं. वर्षभर मुलांच्या एका अनाथगृहात नोकरी केली. तिथे मुलांना ज्या रीतीने वागवत ते तिला पटलं नाही. तेव्हा १८९२ मध्ये ती डॉक्टरकी शिकायला बायकांच्या वैद्यकीय कॉलेजात दाखल झाली.

डॉक्टर होण्याच्या वाटेवरची ही मुलगी पुन्हा नर्स का झाली, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात तेव्हा रशिया, पोलंड, इटलीकडून पोट भरायला आलेल्या माणसांची दाटी होती. पाच-सहा मजली चाळी, आतल्या खोल्यांना खिडकी नाही, पाणी आणि संडास सगळ्यांत मिळून. दोन खोल्यांत सात माणसं, वर भाडेकरू ठेवलेले. घरातच शिवणकाम चाले आणि तान्हं मूल कापडाच्या ढिगावर झोपवलेलं असे. १८९३ च्या मार्चमध्ये लिलियन या वस्तीतल्या बायकांचा घरगुती शुश्रूषेचा वर्ग घेत होती. त्या दिवशी आजाऱ्याची गादी-चादर कशी घालायची हा धडा होता. एक लहान मुलगी वर्गात आली आणि आई आजारी आहे म्हणून सांगू लागली. लिलियन तिच्यामागून निघाली. चिखलातून, मोडक्या जिन्यांवरून ती एका खोलीत पोहोचली. तिथे दोन दिवसांची बाळंतीण रक्ताने भिजून वाळलेल्या अंथरुणावर पडली होती. बाप अपंग, भीक मागून आणणारा. माणसं वाईट नव्हती. त्यांना मदतच मिळालेली नव्हती.

लिलियनने पाणी तापवलं, बाईला पुसून घेतलं, अंथरूण बदललं, खोली झाडली, बाळाकडे पाहिलं. घरातली माणसं तिचे हात हातात घेऊन रडू लागली. त्या दिवसानंतर ती वैद्यकीय कॉलेजात शिकायला गेली नाही.

पुष्कळ जण याला त्याग म्हणतात. मला तो साधा हिशेब वाटतो. शहरात डॉक्टर होते, दवाखाने होते. ती बाळंतीण तिथपर्यंत पोहोचणार नव्हती एवढीच अडचण होती. आम्ही विस्तारवाले हे रोज पाहतो. विद्यापीठात वाण तयार असतो, गोदामात बी असतं, आणि तरी डोंगराकडच्या वाडीतला माणूस जुनंच बी पेरत असतो. मधली वाट कुणीतरी पायी चालावी लागते. वॉल्डबाईंनी ते चालणं पत्करलं.

मेरी ब्रूस्टर नावाची मैत्रीण सोबत घेऊन त्या वस्तीतच राहायला आल्या. जेफरसन स्ट्रीटवरच्या एका चाळीत वरच्या मजल्यावर बिऱ्हाड केलं. बाहेरून येऊन उपदेश करून परत जाणाऱ्यांना लोक ऐकून घेतात आणि विसरतात, हे त्यांना ठाऊक असावं. त्यांनी आरोग्य खात्याकडून एक बिल्ला मागून घेतला, म्हणजे कुणी दारात अडवू नये. जेकब शिफ हे बँकवाले त्यांना पैसे पुरवत. त्यांना दर महिन्याला कामाचा हिशेब जाई, कोणत्या घरी कोण आजारी, काय केलं, बर्फ किती दिला, दूध किती दिलं. १८९५ साली शिफ यांनी हेन्री स्ट्रीटवरचं २६५ नंबरचं घर मिळवून दिलं आणि तिथे हे काम स्थिरावलं. मेरी ब्रूस्टर तब्येतीमुळे लवकरच बाजूला झाल्या. काम वाढत गेलं.

कामाची पद्धत मुद्दाम सांगतो. नर्सला घरातलं कुणीही थेट बोलावू शके, आधी डॉक्टरची चिठ्ठी आणायची गरज नसे. ऐपत असेल त्याने थोडी फी द्यायची, नसेल त्याच्याकडे फुकट. फी घेण्यामागे विचार होता. पैसे दिले की माणसाला धर्मादाय घेतल्याची लाज वाटत नाही आणि तो चार प्रश्नही विचारतो. कोणत्या धर्माचा, कोणत्या देशाचा, हे विचारायचं नाही. नर्स आजाऱ्याचं करून निघून जात नसे. घरातल्या मोठ्या मुलीला किंवा आजीला शेजारी बसवून, बाळाला कसं पुसायचं, दूध कसं झाकायचं, ताप कसा पाहायचा हे हाताने करायला लावी. शेतावर नुसतं भाषण देऊन बीजप्रक्रिया शिकवता येत नाही, बियाण्यात हात घालावा लागतो, तसंच हे. चाळींचे जिने चढून-उतरून पाय मोडत, म्हणून नर्सा एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर ओलांडून जात. हातात पिशवी घेऊन गच्चीचा कठडा ओलांडणाऱ्या नर्सचा फोटो आजही प्रसिद्ध आहे. दोघींपासून सुरू झालेल्या या कामात १९१३ पर्यंत ९२ नर्सा झाल्या होत्या आणि वर्षाला सुमारे दोन लाख घरभेटी होत होत्या. अशा नर्सला पब्लिक हेल्थ नर्स हे नावही वॉल्डबाईंनीच दिलं.

घरी जाऊन केलेल्या कामाचा उपयोग किती, असा प्रश्न तेव्हाही लोक विचारत. १९१४ सालचा त्यांचा हिशेब पाहा. त्या वर्षी या नर्सांनी न्यूमोनियाचे ३,५३५ रुग्ण घरी सांभाळले. शंभरात आठ दगावले. शहरातल्या चार मोठ्या इस्पितळांत त्याच काळात १,६१२ रुग्ण होते, तिथे शंभरात एकतीस गेले. दोन वर्षांच्या आतल्या मुलांत तर इस्पितळांचं प्रमाण शंभरात ३८ होतं आणि घरी सांभाळलेल्यांचं नऊच्या थोडं वर. आता आमच्यासारखा माणूस इथे लगेच शंका काढणार. दोन प्लॉट सारखे होते का? इस्पितळात जास्त बिघडलेले, उशिरा आणलेले रुग्ण जातात, म्हणून सगळा फरक नर्सचा असं म्हणता येत नाही. पण तान्ह्या मुलाला आईपासून तोडून गर्दीच्या वॉर्डात टाकण्यापेक्षा, लवकर ओळखून घरीच नीट सांभाळलं तर ते जगू शकतं, एवढं या आकड्यांनी दाखवलं. आज न्यूमोनियावर औषधं आहेत. तेव्हा प्रतिजैविकं नव्हती, सगळा भार शुश्रूषेवर होता. तुमच्या घरी लहानग्याचा श्वास जोरात चालला, छाती आत ओढली जाऊ लागली, ते अंगावर पिईना, तर आज घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

आता शाळेकडे येतो. न्यूयॉर्कच्या शाळांत १८९७ पासून डॉक्टर तपासणीला येत. खुपऱ्या, खरूज, गजकर्ण, उवा दिसल्या की मुलाला घरी पाठवत. साथ पसरू नये म्हणून हे बरोबरच होतं. पण पुढे काय? मूल हातात चिठ्ठी घेऊन घरी जाई. आईला इंग्रजी वाचता येत नसे. चिठ्ठी तशीच पडून राही आणि मूल गल्लीत इतर मुलांबरोबर खेळे, म्हणजे साथ पसरायची ती पसरतच असे. वॉल्डबाईंना सुरुवातीच्या काळात बारा वर्षांचा एक मुलगा भेटला होता. डोक्यातल्या फोडांमुळे त्याला शाळेत घेतच नव्हते. साधा मलम लावून, थोडे दिवस नीट पाठपुरावा करून तो बरा झाला आणि आयुष्यात पहिल्यांदा शाळेत गेला. बाईंनी अशा मुलांच्या नोंदी ठेवल्या होत्या. त्याच पुढे कामी आल्या.

१९०२ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी शहराला आपली एक नर्स महिनाभर उसनी दिली. नाव लिना रॉजर्स. चार शाळा तिच्याकडे. अट एवढीच की प्रयोग जमला तर पुढचा खर्च शहराने करायचा. रॉजर्सबाई शाळेतच किरकोळ दुखणी धुऊन, औषध लावून मुलाला परत वर्गात बसवत. दुपारनंतर घरी पाठवलेल्या मुलांच्या घरी जाऊन आईला सगळं समजावत. महिन्याभरातच शहराला पटलं आणि आणखी नर्सा नेमल्या गेल्या. १९०२ च्या सप्टेंबरात दहा हजारांवर मुलं शाळेबाहेर घालवली गेली होती. पुढच्या सप्टेंबरात तो आकडा अकराशेच्या आसपास आला. मूल तेच, रोग तेच. चिठ्ठीच्या मागोमाग एक माणूस घरी गेला, एवढाच फरक.

सरपंच आणि गुरुजी मंडळींनी हा भाग जरा सावकाश वाचावा. आपल्याकडेही २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासतात. कुणाला कमी ऐकू येतं, कुणाच्या हृदयात दोष निघतो, कुणाचं रक्त कमी असतं. चिठ्ठी मिळते. त्या चिठ्ठ्यांतली किती मुलं खरोखर पुढच्या दवाखान्यात पोहोचली, याची यादी ग्रामसभेपुढे मागायला कायद्याची आडकाठी नाही. मुलांची नावं जाहीर न करता नुसता आकडा मागितला तरी पुरे.

शाळेच्या नर्सांचा पुढे आणखी एक उपयोग झाला. १९०८ च्या उन्हाळ्यात शाळांना सुट्टी होती आणि नर्सा मोकळ्या होत्या. शहराच्या आरोग्य खात्यातल्या डॉक्टर सारा जोसेफिन बेकर यांनी त्यांतल्या तीस जणी मागून घेतल्या. लोअर ईस्ट साइडमधला सगळ्यात दाट भाग निवडला. जन्म नोंदणीच्या कार्यालयातून रोज नव्या बाळांची नावं-पत्ते घ्यायचे आणि नर्सने लगेच त्या घरी जायचं, मूल आजारी पडायच्या आधी. सांगायचं काय, तर बाळाला अंगावरच पाजा, उकाड्यात जाड कपड्यांत गुंडाळू नका, रोज अंघोळ घाला, खिडकी उघडी ठेवा. यात महागडं काहीच नव्हतं. त्या उन्हाळ्यात त्या भागात आदल्या उन्हाळ्यापेक्षा १,२०० बाळं कमी मेली.

या कामाचं मूळ जन्माच्या नोंदीत होतं. नोंद वेळेवर नसती तर नर्सला दारच सापडलं नसतं. ग्रामसेवक भाऊसाहेब, आपण २१ दिवसांत जन्म नोंदवा म्हणून सांगतो तेव्हा लोकांना वाटतं, शाळेच्या दाखल्यापुरतं काम आहे, सावकाश करू. आशाताईंच्या नवजात बाळाच्या भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ठरलेल्या असतात, आणि बाळंतपण घरीच झालं तर पहिल्याच दिवशी. ऊसतोडीहून, माहेरहून, वीटभट्टीवरून बाळंतीण गावात आली आणि कुणी कळवलं नाही, तर यातल्या पहिल्या दोन-तीन भेटी हुकतात. धोक्याचे दिवस तेच असतात. गाय व्यायली की अर्ध्या तासात वासराला चीक पाजला का, हे आपण शेजाऱ्याला आवर्जून विचारतो. बाळ-बाळंतिणीबाबतही हे विचारायला हरकत नसावी.

मोठ्या मुलांचा प्रश्न वेगळा होता. चौदावं वर्ष लागलं की मुलाला कामाचा परवाना मिळे, आणि गरीब घरातलं पोर लगेच कारखान्यात जाई. वॉल्डबाईंच्या हेन्री स्ट्रीटच्या घराने अशा मुलांना चौदा ते सोळा या दोन वर्षांसाठी दर आठवड्याला थोडे पैसे द्यायला सुरुवात केली. घरची मजुरी बुडाली तरी मूल शिकत राहावं, हा हेतू. वाढत्या वयात अंगमेहनतीचं काम माणसाला कायमचं खुरटवून टाकतं, असं त्यांचं म्हणणं होतं. घराच्या मागची परसं एकत्र करून त्यांनी मुलांना खेळायला जागा केली. हे त्यांना औषधाइतकंच महत्त्वाचं वाटे. बेकरबाईंनी तर शाळकरी मुलींची मंडळं काढली, कारण आई कामाला गेली की तान्हं बाळ थोरल्या बहिणीच्याच काखेत असे. मग बाळ कसं सांभाळायचं ते तिलाच नीट शिकवलेलं बरं. आपल्या वाड्या-वस्त्यांवर हे दृश्य अजून दिसतं.

आता परत सोंडकिड्याकडे. मुलांसाठी सरकारी खातं असावं ही कल्पना वॉल्डबाईंनी मैत्रीण फ्लोरेन्स केली यांच्यासह धरून ठेवली. १९०५ साली थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापुढे मांडली. १९०६ पासून विधेयकं येत आणि पडत राहिली. घरातल्या मुलांत सरकारने नाक खुपसू नये, असा विरोध होता. मुलांच्या मजुरीवर चालणाऱ्या कारखानदारांनाही ते नकोच होतं. अखेर ९ एप्रिल १९१२ रोजी राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी सही केली आणि चिल्ड्रन्स ब्यूरो सुरू झाला. कल्पना सुचल्यापासून नऊ वर्षं लागली. ब्यूरोच्या प्रमुख ज्युलिया लॅथ्रॉप यांनी पहिली पाहणी १९१३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाउन या पोलाद कारखान्यांच्या गावात केली. एका वर्षात जन्मलेल्या बाळांच्या घरी पाहणी करणाऱ्या बायका गेल्या आणि प्रत्येक बाळाचं काय झालं ते विचारलं. बापाची कमाई जितकी कमी, घाण पाण्याची वस्ती जितकी जवळ, तितकी बाळं जास्त मेलेली निघाली. आईच्या अडाणीपणावर सगळं ढकलणाऱ्यांना हा आकडा पचायला जड गेला. रोपं पिवळी पडली तर आपण आधी जमीन आणि पाणी पाहतो, तसंच होतं हे.

खेड्यांचा विचारही वॉल्डबाईंनी केला होता. अमेरिकेत खेड्यातल्या शेतकऱ्याच्या घरी तेव्हा नर्स जवळजवळ पोहोचतच नव्हती. त्यांच्या सूचनेवरून आणि शिफ यांच्या पैशाच्या आधाराने रेडक्रॉसने १९१२ मध्ये खेड्यांसाठी नर्स सेवा सुरू केली. या नर्सा घोड्यावरून, बग्गीतून शेतावरच्या घरांना जात. १९२१ साली बाळ आणि बाळंतिणींसाठी एक कायदा झाला. केंद्राने काही पैसे द्यायचे आणि राज्याने त्यात आपले घालायचे, अशी त्याची पैशाची बांधणी होती. शेती विस्तारासाठी १९१४ मध्ये केलेल्या कायद्याचीही बांधणी अशीच होती. डॉक्टरांच्या संघटनेने त्याला मोठा विरोध केला आणि १९२९ मध्ये त्या योजनेचा पैसा थांबला. विमा कंपन्यांचं तसं नव्हतं. वॉल्डबाईंच्या सूचनेवरून १९०९ साली मेट्रोपॉलिटन लाइफ कंपनीने आपल्या विमेदारांच्या घरी नर्स पाठवायला सुरुवात केली होती, कारण माणूस जगला तर कंपनीचा पैसा वाचतो. ती सेवा १९५३ पर्यंत चालली. फायद्याचा हिशेब दिसला की काम टिकतं, हे कडू असलं तरी खरं.

पुढच्या आयुष्याबद्दल थोडक्यात. पहिल्या महायुद्धाला बाईंनी उघड विरोध केला आणि त्यामुळे काही देणगीदार गमावले. १९१८ च्या तापाच्या साथीत न्यूयॉर्कमधल्या सगळ्या नर्स संस्थांची मोट बांधण्याचं काम त्यांच्याकडेच आलं. लग्न केलं नाही. सुमारे चाळीस वर्षं त्या हेन्री स्ट्रीटवरच राहिल्या. तब्येत खालावल्यावर १९३३ मध्ये त्यांनी जबाबदारी सोडली आणि कनेक्टिकट राज्यातल्या वेस्टपोर्टला १ सप्टेंबर १९४० रोजी त्यांचं निधन झालं. त्यांना रॉचेस्टरला दफन केलं. १९४४ साली त्यांच्या नर्स सेवेची वेगळी संस्था झाली. हेन्री स्ट्रीटवरचं २६५ नंबरचं घर अजून उभं आहे आणि तिथल्या संस्थेचं काम आजही चालू आहे.